बसा की, पावणं

"उत्तरेला जा."

माझ्या रिक्षात बसल्या बसल्या त्यो माणूस येवढंच म्हणला. कोल्हापूरच्या स्टँडसमोर, भर दुपारी. मी मागं वळून बघितलं. पांढरा शर्ट, शर्टाच्या खिशात बॅटरी, खांद्याला दोरीचं भेंडोळं, मांडीवर फुगलेली पिशवी. मला वाटलं हिरीत उतरणारा माणूस असंल.

"पावणं, उत्तरेला म्हंजे कुठं?"

"उत्तरेला."

"व्हय, पण तितं काय हाय? देऊळ, दवाखाना, काय तर खूण सांगा की."

"गेल्याबिगर कसं कळंल काय हाय ते?"

मी चौथी नापास माणूस. उत्तर म्हंजे प्रश्नाच्या खाली लिहायचं असतंय येवढंच मला म्हाईत, आणि ते पण मला कधी आलं न्हाई. पण रिक्षावाल्यानं 'म्हाईत न्हाई' म्हणायचं न्हाई, ही आमच्या धंद्याची रीत. मी आपली गाडी नाकासमोर सोडली. चौक आला की मागनं आवाज यायचा, "पूर्वेला जा," आणि मी जिकडं गर्दी कमी तिकडं वळवायचो. असं करत करत आम्ही फिरून परत स्टँडसमोर आलो. मला घाम फुटला. म्हणलं आता ह्यो शिव्या घालणार. तर ह्यानं पिशवीतनं चौकटीचा कागद काढला, त्यावर पेन्सिलीनं एक खूण केली आणि खूश हुऊन म्हणला, "ह्या जागी आपण आधी येऊन गेलोय."

जायाचं कुठं हुतं, तर शाहूपुरीत. स्टँडच्या पाठीमागं. चालत गेला असता तर मी पान लावून खाईपर्यंत पोचला असता.

उतरताना मला म्हणला, "तू लई झकास चुकतोस. शिकलेल्या माणसाला असं चुकता येत न्हाई. उद्या दुपारी ह्या माडीवर ये, काम हाय."

बापानं, मास्तरानं, बायकूनं, सगळ्यांनी माझ्या चुका बघितल्या. पण त्या बघून कामाला बोलवणारा ह्यो पहिलाच.

त्येंना सगळी गल्ली सर म्हणायची. कुठल्या साळंत नव्हतं ते. कॉम्प्युटर नवा नवा आला तवा त्येंनी गुळाच्या अडत दुकानाच्या माडीवर क्लास काढलेला. त्या काळात म्हणं पोरं पाय धुऊन आत जायाची, येवढा कॉम्प्युटरला मान. पुढं कॉम्प्युटर घराघरात आला, मग खिशात आला, आणि क्लास बंद पडला. सर आणि त्येंची जुनी मशिनं मातर तितंच ऱ्हायली. खाली गूळ, वर कॉम्प्युटर, म्हंजे मुंग्यांची चैन. त्याला सरांनी उपाय काढलेला. टेबलाचं चारी पाय पाण्याच्या वाट्यात, आपण दुधाच्या कपाटाचं ठेवतो तसं. मी पहिल्याच दिवशी आत गेलो आणि एका वाटीला लाथ मारून पाणी सांडलं. सांजच्याला मुंग्या मशिनात, आणि सरांनी कळ दाबली की फटीतनं एक मुंगी भाईर यायची, कुणी बोलवलं म्हणून बघायला आल्यागत.

"माफ करा सर."

"माफ कशाला? ह्येच पायजे मला. आत आला आणि पहिल्यांदा लाथ मारली. ही शक्यता मी धरलीच नव्हती." आणि कागदावर लिहून घेतलं.

सरांचं बोलणं असलंच. च्या आला की आपण कप उचलतो. सरांच्या हितं तसं न्हाई. सर म्हणायचं, "तुझ्यासमोर कप हाय. कपात च्या हाय. काय करशील?"

"पितो की."

"काय पितोस?"

"च्या."

"च्या कपात हाय. कप टेबलावर हाय."

"कप उचलतो."

"उचललास."

"आता पितो."

"तोंड भाजलं. फुंकर मारायला पायजे हुती."

आणि खरंच भाजायचं वो! मी बोलण्याच्या नादात फुंकर मारायला इसरायचो. त्या माडीवर मी जेवढ्या वेळा तोंड भाजून घेतलं तेवढं लहानपणी चुलीम्होरं पण भाजलं नसंल.

दुसरं म्हंजे ती पिशवी. सरांचा नेम हुता, उचलता येत असंल तर उचलायचं. कधी काय लागंल सांगता येत न्हाई. रस्त्यात गंजकी किल्ली दिसली, उचलली. नारळाची करवंटी, उचलली. कुणाच्या तरी सायकलीचं पेडल. आमच्या मेव्हणीच्या लग्नाला मी त्येंना कौतुकानं नेलं, तर जेवान झाल्यावर आचारी माझ्या मागं लागला, झारा दिसंना म्हणून. मी म्हणलं, आमची माणसं तसली न्हाईत, आणि छाती काढून सरांची पिशवी त्याच्या म्होरं उपडी केली. झारा तर निघालाच, वर भटजींची पळी आणि नवरदेवाचा एक मोजा. सासऱ्यानं माझ्याकडं जे बघितलं ते अजून तसंच बघतोय. सर मातर शांत. म्हणलं, "झाऱ्याचा उपयोग अजून कळला नव्हता. म्हणून जवळ ठेवलेला."

माझ्या घरी आलं तर बसायच्या आधी घराचा नकाशा काढला. दोन खोल्यांचं घर माझं. सरांनी चौकटी काढल्या, बाण काढलं आणि बायकूला ईचारलं, "वैनी, ह्या खोलीतनं दक्षिणेला काय हाय?" बायकू म्हणली, "शेजाऱ्याची म्हस." सरांनी तिसरी चौकट काढली आणि आत लिहिलं, म्हस. तवापासनं बायकू भांडणात म्हणती, जरा दक्षिणेला जाऊन बसा.

हे सगळं कशानं झालं, तर गेममुळं. आता गेम म्हणलं की तुमच्या म्होरं गाड्या आणि बंदुका येत असतील. ही गेम तसली न्हाई. हिच्यात चित्रच न्हाई. काळा पडदा, पांढरी अक्षरं. कॉम्प्युटर लिहितोय, तू अमुक ठिकाणी हायस, म्होरं दार हाय. तुम्ही लिहायचं, दार उघड. मग त्यो लिहितोय, उघडलं, आत अंधार हाय. तुम्ही म्हणायचं, बॅटरी लाव. असं करत करत पुढं जायाचं. सगळं मनात बघायचं. परदेशात असल्या गेमा लई निघाल्या म्हणं, राक्षस आणि खजिन्याच्या. सरांनी आणि त्येंच्या दोस्तानं मिळून एक मराठी केलेली. अक्षरं इंग्रजी, भाषा आपली. नाव 'पावणा'.

गेम अशी. तुम्ही जयसिंगपुरात एका घरी पावणं म्हणून गेलाय. काम झालंय. आता तितनं निघायचं. बास, येवढंच.

हसू नका. आमच्याकडं पावण्यानं निघणं म्हंजे काय असतंय ते ज्याला म्हाईत हाय त्यो राक्षस बरा म्हणंल. गेममधी 'निघ' म्हणलं की घरातली अक्का म्हणणार, "बसा की, पावणं. येवढी काय घाई?" आणि पोहे येणार. 'पोहे नको' म्हणलं तर, "आमच्या घरचं आवडत न्हाई व्हय?" आणि दुप्पट पोहे येणार. दाराकडं गेलं तर चप्पल जाग्यावर न्हाई. परसातनं जावं तर म्हातारं आडवं येणार, "पावणं, हिकडं कुठं? च्या ठेवलाय." आणि गेम सुरू झाल्यापासनं आजतागायत त्या घरातनं कुणीसुदिक भाईर पडलेलं न्हाई. खुद्द सर पण न्हाई.

आता तुम्ही म्हणशीला, ज्यानं गेम लिहिली त्याला कसं म्हाईत न्हाई? तर गेम दोघांनी वाटून लिहिलेली. गल्ली, अंगण आणि सोपा, म्हंजे भाईरची बैठक, सरांनी. स्वैपाकघर, परस आणि भाईर पडायची युक्ती दोस्तानं. म्हणून तर सोप्यात कॉम्प्युटर 'तू काय करतोस' म्हणायचा आणि स्वैपाकघराचा उंबरा ओलांडला की एकदम 'आपण काय करता' म्हणायचा. दोस्त जयसिंगपूरच्या व्यापारी घरातला, जैन माणूस, बोलायला मऊ. गेममधलं घर म्हंजे त्येचंच घर, आणि अक्का म्हंजे त्येची बायकू.

तर गेम पुरी व्हायच्या वक्ताला सरांनी ईचारलं, "पावणा सुटणार कसा?"

दोस्त म्हणला, "सुटणार म्हंजे? माझं घर काय तुरुंग हाय?"

"मग काय हाय? तुझ्या घरातनं मी एकदा तरी येळंवर सुटलोय का?"

येवढ्यावरनं बिनसलं. दोस्तानं शेवट लिहिला, फ्लॉपी टेबलावर ठेवली, "शोध आता," म्हणला आणि यष्टीच्या लाल गाडीत बसून जयसिंगपूरला गेला. त्यो गेलाच. ह्येनं ईचारलं न्हाई, त्येनं सांगितलं न्हाई. दोघांची पोरं मोठी झाली, त्येंची लग्नं झाली, एकामेकाला पत्रिका न्हाई. सर म्हणायचं, "त्या गेममधनं मी सोता भाईर पडून दाखवीन. त्येच्या दारात पाय ठेवणार न्हाई."

आणि आता घाई सुटलेली. सरांच्या बाईसाहेब वारल्यावर पुण्याचा पोरगा सारखा फोन करायचा, बाबा, इकडे चला. सर म्हणायचं, "गेममधनं भाईर पडलो की येतो." पोराला वाटायचं बाबा थट्टा करतात. बाबा थट्टा करत नव्हतं.

तर जुनी मशिनं बंद पडत चाललेली, म्हणून ती जुनी फ्लॉपी नव्या लॅपटॉपवर चालवायची, हे सरांचं काम. नव्या मशिनाला जुनी गेम कळत न्हाई. म्हणून त्येच्या आत एक प्रोग्राम घालायचा, ज्यो म्हणतोय, मी म्हातारा कॉम्प्युटर हाय. म्हंजे सोंग घ्यायचं. मला हे लगीच कळलं, कारण मी पण सासुरवाडीला गेलो की शाण्या माणसाचं सोंग घेतो आणि ते जेवणापर्यंत टिकतंय. ह्या मशिनाचं पण तसंच झालं. सुरू केलं आणि म्हातारपण इसरून पळायला लागलं.

गेममधी असं हुतं की पावणा गप बसला तर थोड्या येळानं अक्का च्या आणती. जुन्या मशिनावर 'थोडा येळ' म्हंजे थोडा येळ. नवं मशीन लई फास्ट. आम्ही कळ दाबायच्या आत अक्कानं च्या आणला, परत आणला, परत आणला, सगळा पडदा च्यानं भरून वर पळायला लागला आणि खाली अक्षरं आली: 'तुझ्या पोटात जागा न्हाई. तू सोप्यात आडवा झालास. खेळ संपला.'

"सर, मेला व्हय त्यो?"

"च्यानं मेला."

दर वेळी तेच. कळ दाबायची, पावणा च्यानं मरायचा. सर डोकं धरून बसलं. मशीन हळू करायला पायजे हुतं, जयसिंगपूरच्या वेगानं. मी म्हणलं, माझी रिक्षा चढाला हळू चालती कारण मागं वजन असतंय. सर दुसऱ्या खोलीत गेलेलं. मी खालनं गुळाची ढेप आणली आणि लॅपटॉपवर ठेवली. सर भाईर आलं. ढेपंकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"तुझ्यासमोर लॅपटॉप हाय. लॅपटॉपवर गूळ हाय. काय करशील?"

"गूळ उचलतो, सर."

"आणि?"

"उत्तरेला जातो."

मी जिन्यावर जाऊन बसलो. पण सरांनी काय तरी खटपट करून शेवटी मशीन हळू केलं. अक्का एकदा च्या ठेवून आत गेली आणि दम खाऊन भाईर आली. सरांच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणलं, "बघ, आता कशी चालती. पायात जोडव्यांचा आवाज हाय." मी लई कान देऊन ऐकलं. मला खालच्या हमालांचाच आवाज आला.

मग माझं काम सुरू झालं. सरांना जेवढं सुचत हुतं तेवढं सगळं त्येंनी लिहून बघितलेलं. आता न सुचणारं सुचंल असा माणूस पायजे हुता. मला मराठी वाचता येतंय, इंग्रजी अक्षरं मी गाड्यांच्या नंबर प्लेटवरनं शिकलो. एम आणि एच म्हंजे माझे घरचे. आय आणि ओ प्लेटवर येत न्हाईत, म्हणून त्येंची वळख उशिरा झाली. एका बोटानं मी ठोकायला लागलो.

'पळ.' — 'पळून कुठं जाशील? चप्पल कुठं हाय?'

'खिडकीतनं उडी मार.' — 'खिडकीला गज हायत.'

'घराला आग लाव.' — 'ज्या घरचे पोहे खाल्ले त्या घराला? लाज वाटत न्हाई?'

मला खरंच लाज वाटली. मी पडद्याला हात जोडलं. सर म्हणलं, लिही, माफी माग. लिहिलं. तर अक्का म्हणली, 'राहू द्या. च्या घ्या.'

माझी खोड अशी की 'निघ' लिहायच्या ठिकाणी मी 'खा' लिहायचो. आता ताटात शेंगाची पोळी हाय, वर तूप सोडलंय असं आलं, तर माणूस काय करणार? सर वरडायचं, "अरं, निघायचं हाय! खायाचं न्हाई!"

"पण गरम हाय म्हणतंय, सर."

"अक्षरं हायत ती!"

अक्षरं असली तरी मी घरी गेल्यावर भूक नसायची. बायकूला वाटायचं भाईर खाऊन येतोय. गेममधी खाल्लं म्हणून सांगितलं तर तिनं दोन दिवस गेममधीच जेवायला सांगितलं.

असं करत दिवाळी झाली. एक दिवस पोराचा फोन आला, सरांनी टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात लावला.

"बाबा, मी रविवारी गाडी घेऊन येतोय. या वेळी नाही ऐकणार तुमचं. सामान बांधा."

"गेम ऱ्हायली हाय."

"अहो, मग प्रोग्राम उघडून आत बघा ना काय लिहिलंय! मी दहा मिनिटांत काढून देतो उत्तर."

सर असलं चिडलं की फोन पाण्याच्या वाटीत पडायचा राहिला. "पावणा म्हणून गेलोय मी त्या घरात! दरोडा घालायला न्हाई! भिंत फोडून भाईर येऊ व्हय?"

फोन ठेवला आणि मशिनावरचा धुरळा पुसाय लागलं. खालनं गुळाचा वास येत हुता. मग मला म्हणलं, "रविवारी पोरगा नेणार. तितं गेलो की ही मशिनं भंगारात जातील आणि मी त्या सोप्यात बसूनच ऱ्हाईन."

"मग त्येंनाच ईचारू की, सर. तुमच्या दोस्ताला."

मला वाटलं फेकून मारतील. सर उठलं, बॅटरी खिशात घातली, दोरी खांद्याला टाकली आणि म्हणलं, "पूर्वेला जा."

शनवारी सकाळी आम्ही लाल गाडीनं जयसिंगपूरला गेलो. घर सापडायला काय अडचण आली न्हाई, कारण सरांच्या गेममधी गल्ली लिहिलेलीच हुती. मला पण म्हाईत. डाव्या हाताला पिठाची गिरण, मग पायरीचं दार. मी त्या गावात पहिल्यांदा चाललेलो, पण गिरणीवाल्याला वळख दाखवली. त्येनं पण दाखवली, भला माणूस.

दारात एक जाडजूड माणूस बनियनवर उभा हुता. आमच्याकडं बघितलं. दोरीकडं बघितलं.

"ये," त्यो म्हणला.

"आलो," सर म्हणलं.

येवढ्या वर्षांनी दोघं येवढंच बोललं. मग सर उंबऱ्याच्या भाईर उभं राहूनच म्हणलं, "भाईर कसं पडायचं ते सांग. मला लगीच जायाचं हाय."

"आधी आत तर ये."

चप्पल काढून आम्ही आत गेलो. सोपा तसाच, झोपाळा तसाच. आतनं अक्का भाईर आल्या. केस पांढरं, पायात जोडवी. मी कान दिला. आता खरंच आवाज आला.

"भाऊजी! केस गेलं की वो सगळं!"

"वैनी, मला घाई हाय."

"बसा की. येवढी काय घाई?"

मी दचकून भिंतीला टेकलो. अक्षर न अक्षर तेच. आणि त्येच्या मागनं पोहे आलं. सर म्हणलं पोहे नको, तर अण्णा, म्हंजे ते दोस्त, म्हणलं, "आमच्या घरचं आवडत न्हाई व्हय?" आणि सरांच्या ताटलीत दुप्पट पडलं. मी हसाय लागलो तर माझ्या ताटलीत पण. मग खपली गव्हाची खीर आली, तिला तितं हुग्गी म्हणत्यात. मग शेंगाची पोळी, वर तूप. इतकं दिवस मी अक्षरं खात हुतो, आता गरम हुतं. मी सगळं खाल्लं. सर माझ्याकडं बघून दात खायचं.

"सांग की आता," सर म्हणलं.

"च्या घे."

"सांगतोस का निघू?"

"दिवस मावळायच्या आत जेवू, मग बोलू. आमच्यात उशिरा जेवत न्हाईत, तुला म्हाईत हाय."

"आत्ता काय केलं मग?"

"ह्ये खाणं. जेवान येगळं."

मी गपचूप दारात जाऊन बघितलं. चपला न्हाईत. माझी न्हाई, सरांची न्हाई. परसात गेलो. म्हातारं नव्हतं तितं, पण म्हातारं व्हायच्या वाटंवरचा अण्णांचा भाऊ हुता. "पावणं, हिकडं कुठं? च्या ठेवलाय." मी पळत आत आलो आणि सरांच्या कानात म्हणलं, "सर, आपण गेममधी हाय."

सरांनी पिशवीतनं लॅपटॉप काढला आणि सोप्यात सगळ्यांसमोर गेम लावली. अण्णा चष्मा घालून बघाय लागलं. आपलंच घर, आपलीच अक्षरं, नव्या मशिनावर. सरांनी लिहिलं, 'निघ.' पडद्यावर आलं, 'बसा की, पावणं. येवढी काय घाई?' आणि आतनं अक्कांचा आवाज आला, "भाऊजी, तो डबा सारा बाजूला आणि बसा की नीट, येवढी काय घाई?"

सर ताडकन उठलं. आवाज चढला.

"मग काय मुक्काम करू हितं? मुक्काम करू? म्हंजे समाधान हुईल तुझं?"

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तेच लिही," ते म्हणलं.

"काय?"

"आत्ता जे म्हणलास ते. लिही तितं."

सर खाली बसलं. मी लिहू का म्हणलं, तर मला ढकललं. एकेक अक्षर करत लिहिलं, 'मुक्काम कर.'

पडदा जरा थांबला. मग आलं: 'येवढं म्हणालात त्यातच आलं. आमचा आग्रह न्हाई. चप्पल दारात आहे, आपली गाडी मिळेल. सावकाश जावा.' आणि खाली: 'खेळ संपला. आपण बाहेर आलात.'

सरांनी ते दोनदा वाचलं. "येवढंच?"

"येवढंच," अण्णा म्हणलं. "तुला कधी सुचलं न्हाई. आलास की तुला निघायची घाई. गेममधी पण आणि हितं पण."

सरांनी लॅपटॉप झाकला. बॅटरी चाचपली, दोरी उचलली आणि उठलं.

"कुठं?"

"चप्पल दारात हाय म्हणलं की."

"ती त्या पावण्याची," अण्णा म्हणलं. "तुझी न्हाई."

सर परत बसलं. दोरी खुंटीला अडकवली. मग झोपाळ्यावर दोघं शेजारी शेजारी बसलं आणि भांडाय लागलं. स्वैपाकघरात तू का आपण, ह्या विषयावर.

मी म्हणलं, आपल्याला युक्ती कळली हाय, आपण तरी सुटू. आत जाऊन लई नम्रपणानं म्हणलो, "अक्का, मी पण मुक्काम करतो." आता त्या म्हणतील, राहू द्या, चप्पल दारात हाय. अक्कांनी हाक मारली, "अवो, ह्यांना पण गादी काढा!"

मी रविवारी सकाळी अण्णांच्या जुन्या चपला घालून कोल्हापुरात आलो. एक मोठी, एक लई मोठी. माडीखाली सरांचा पोरगा गाडी लावून उभा. मी सांगितलं, सर जयसिंगपूरला हायत. म्हणला, "ठीक आहे, तिथून उचलतो आणि लगेच परत." मी काय तरी सांगणार हुतो, पण त्यो शिकलेला माणूस. सांजच्याला त्येचा फोन आला.

"काका, माझी गाडीची किल्ली सापडत नाहीये. आणि हे मला सारखं खीर वाढतायत."

"पोरा, मुक्काम करतो म्हण."

"म्हणालो! पांघरूण आणून दिलं त्यांनी!"

पुढं सर पुण्याला गेलं. लगीच न्हाई, पण गेलं. वचन दिलेलं, भाईर पडलो की येतो म्हणून. आता कवा कवा मेसेज येतोय: 'मी सोसायटीच्या गेटात हाय. पश्चिमेला भिंत. उत्तर सापडत न्हाई.' महिन्या दोन महिन्याला जयसिंगपूरला येत्यात. किती दिवस ऱ्हायचं ते त्येंच्या हातात नसतंय.

जाताना लॅपटॉप माझ्या रिक्षात ठेवला. मी म्हणलं, सर, मला कशाला? तर म्हणलं, "उचलता येत असंल तर उचलायचं." दोरी पण दिली. दोरीचा उपयोग मला अजून कळलेला न्हाई, म्हणून जवळ ठेवलीया.

दुपारी स्टँडवर गिऱ्हाईक नसलं की मी लॅपटॉप मांडीवर घेतो आणि त्या घरात जातो. भाईर पडायची युक्ती मला म्हाईत हाय. लिहीत न्हाई. ते लिहिलं की त्या घरातली माणसं सोडत्यात. मी एका बोटानं आपला लिहितो, 'निघ.' आणि वाट बघतो. मशीन जरा दम खातंय, मग आतनं अक्षरं येत्यात.

'बसा की, पावणं. येवढी काय घाई?'

मी बसतो.